कपालेश्वराच्या पायऱ्या आणि घरातला ओटा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत, पवननगरला राहतो. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दिवाळीनंतरच्या थंडीत पहाटे साडेपाचला त्या पायात मोजे घालून मोरीकडे निघाल्या आणि फरशीवर घसरून पडल्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून बॉल बदलला, त्याला आता साडेतीन महिने झाले. सुरुवातीला पंधरा दिवस घरी फिजिओवाले येत होते. मशीन लावायचे, झोपवूनच पाय वर-खाली करायचे आणि अर्ध्या तासात जायचे. फरक दिसेना, पैसे मात्र जात होते, म्हणून आम्ही बंद केलं. आता आई वॉकर धरून कशाबशा संडासापर्यंत जातात, तेही मी धरल्याशिवाय नाही. बाकी दिवसभर पलंगावर. मिस्टर म्हणतात, हाड नीट जुळू दे, घाई नको. शेजारच्या काकू म्हणतात, मालिशवाली लावा. आई स्वतः म्हणतात, या वयात कसला व्यायाम, माझं झालं आता. पूर्वी त्या दर सोमवारी बसने रामकुंडाजवळच्या कपालेश्वर महादेवाच्या देवळात जायच्या. या महाशिवरात्रीला दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. माझं डब्यांचं काम आहे, पहाटे चारला उठते, आणि आता माझीही कंबर धरली आहे. पुन्हा फिजिओ लावावा का? घरच्या घरी त्याचा खरंच उपयोग होतो का?
— एक सून, सिडको

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासूबाई डोळ्यांसमोरून हलेनात. आणि शेवटच्या ओळींत तुमची कंबर आली तेव्हा लक्षात आलं, की त्या घरात एक नाही, दोन बायका अडकून पडल्या आहेत. दोघींना एकाच वाटेने बाहेर पडता येईल, म्हणून दोघींचं एकत्रच लिहिते.

हो, फिजिओ पुन्हा लावा. मी स्वतः तेच काम करते, म्हणून सांगते. साडेतीन महिन्यांत उशीर झाला हे खरं, पण वेळ गेलेली नाही. मात्र मागच्या वेळी घरात जे झालं, तेच पुन्हा पैसे देऊन करायचं नाही.

आधी तुमच्या मिस्टरांसाठी दोन ओळी, कारण त्यांची काळजी खरी आहे, फक्त तिचा पत्ता चुकलाय. खुब्याचा बॉल बदलतात तेव्हा मोडलेला भाग काढून तिथे धातूचा गोळा बसवतात. म्हणजे तिथे जुळून यायची वाट बघावी असं हाडच राहत नाही. म्हणूनच या ऑपरेशननंतर बहुतेक पेशंटला दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतात. (रॉड किंवा स्क्रू टाकले असते तर हिशेब थोडा वेगळा असता.) तरी आज एक काम करा. डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर पायावर किती वजन द्यायचं याबद्दल काय लिहिलंय ते बघा. समजलं नाही तर सर्जनना फोन करून तीन गोष्टी सरळ विचारा: डाव्या पायावर पूर्ण वजन चालेल का, खाली वाकायची आणि पायावर पाय टाकायची बंधनं अजून आहेत का, आणि जिना चढला तर चालेल का. या तीन उत्तरांशिवाय फिजिओने कामाला हातच लावू नये.

आता पलंगाबद्दल. २००७ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास मी माझ्या प्रत्येक पेशंटच्या घरी सांगते. सरासरी ६७ वर्षांची, अगदी धडधाकट माणसं घेतली आणि त्यांना फक्त १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी १ किलोच्या आसपास कमी झाले. ती आजारी नव्हती, पडलेली नव्हती, कुणी त्यांचं ऑपरेशन केलेलं नव्हतं. सासूबाई तर साडेतीन महिने पलंगावर आहेत. त्यांचा पाय थरथरतो, उठताना गुडघा दगा देतो, चार पावलांत दम लागतो, यातलं बरंचसं वयाचं किंवा खुब्याचं नाहीच. ते पलंगाचं आहे. आणि पलंगाने नेलेलं पुष्कळसं परत आणता येतं.

'या वयात कसला व्यायाम' हे वाक्य मी बावीस वर्षं नाशिकच्या घराघरांत ऐकते आहे. पंचवटीतल्या वाड्यांत ऐकलं, गंगापूर रोडच्या फ्लॅटांत ऐकलं, नाशिकरोडच्या क्वार्टर्समध्येही ऐकलं. त्याला माझं एकच उत्तर असतं. १९९० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातली दहा माणसं घेतली. सरासरी वय ९०. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंचा वजनं लावून व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. सासूबाई त्या मंडळींपेक्षा सोळा वर्षांनी लहान आहेत. हे त्यांना जरूर सांगा, पण समजूत घालायच्या सुरात नको. बातमी सांगतात तसं सांगा.

मागच्या पंधरा दिवसांत तुमच्या घरी जे झालं, त्यात फिजिओथेरपी फार थोडी होती. मशीनने दुखणं काही काळ कमी होतं, शेकाने आखडलेला भाग सैल होतो. ऑपरेशननंतरचे पहिले आठ दिवस झोपून पाय हलवणंही योग्यच. पण पंधराव्या दिवशीही पेशंट झोपलेला आणि हलवणारा दुसराच, असं चित्र असेल तर ताकद कुणाची वाढणार? स्नायूला स्वतः ओझं पेलावं लागतं, तेव्हाच तो वाढतो. मालिशचंही तेच. मायेच्या हाताने तेल लावलं की बरं वाटतं, आणि बरं वाटण्याची किंमत मी कमी समजत नाही. सासूबाईंना आवडत असेल तर रात्री पाठीला, तळव्यांना लावा. टाक्यांच्या जागेवर रगडू नका. आणि एका पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली तर तिला अजिबात चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे रक्ताची गाठ असू शकते. काकूंचं मन मोडायला नको, पण मालिशने माणूस उठून चालायला लागत नाही.

तुम्ही विचारलंय, घरच्या घरी खरंच उपयोग होतो का. सासूबाईंसारख्या माणसाला क्लिनिकपेक्षा घरीच जास्त होतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. क्लिनिकमध्ये सपाट फरशी असते, दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे असतात. त्या दांड्यांमध्ये छान चालणारी आजी घरी येते आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी थबकते, कारण तो उंबरा क्लिनिकमध्ये नव्हता. तुमच्या सिडकोतल्या घरांची मला चांगली ओळख आहे. मूळ घर छोटं, वर मजला चढवलेला, जिना अरुंद आणि उभा, संडास-मोरीला चार बोटांचा उंबरा, आणि बाहेर ओट्याला दोन पायऱ्या. सासूबाईंना याच उंबऱ्यावर पाय उचलायचाय. त्यांचा पलंग, त्यांची खुर्ची, त्यांचा संडास, हेच त्यांच्या व्यायामाचं सामान.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम अर्धा अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, आणि जोडीला चालणं. ६५ ते ९७ वर्षांच्या हजारावर माणसांवर तो करून पाहिला, तेव्हा पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते. त्यात शिकवणारा रोज घरी येत नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत मोजून चार-पाच वेळा यायचा, व्यायाम शिकवायचा, पुढच्या खेपेला थोडा अवघड करायचा, आणि मधल्या काळात फोनवर चौकशी. बाकीचं घरातल्या घरात. सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा कुणी आलेलं बरं. पण त्यानंतर आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी एकदा पुरेल. रोजची फी द्यायची गरज नाही. हे फिजिओला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. चांगला असेल तो आनंदाने हो म्हणेल.

चांगला कसा ओळखायचा? पहिल्या दिवशी तो काय करतो ते बघा. पिशवीतून मशीन काढून प्लग शोधू लागला तर थोडं थांबवा. ज्याला काम येतं तो आधी विचारतो: कशा पडल्या, पूर्वी काय काय करायच्या, गोळ्या कुठल्या. मग सासूबाईंना स्वतः उठायला सांगतो आणि हात न लावता, पण हाताच्या अंतरावर उभा राहून नुसतं बघतो. मोरी बघतो, पलंगाची उंची बघतो. आणि काहीतरी मोजून लिहून ठेवतो. आमच्यात एक साधी चाचणी आहे, ती तुमच्या घरीही होईल. हाताच्या खुर्चीवरून उठायचं, आपल्या नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, वॉकर असला तरी चालेल. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. सासूबाईंना आज कदाचित चाळीस लागतील. लागू देत. आकडा लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी तो खाली आला नाही, तर फिजिओला कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शिक्षणाची चौकशी करायला संकोचू नका. आज काम करणाऱ्या बहुतेक फिजिओंनी साडेचार वर्षांची पदवी घेतलेली असते, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना ही पदवी म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडूनच मिळते. त्यानंतर राज्याच्या भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून खरा फिजिओ रागावत नाही. बाई फिजिओ हवी असेल तर तसंही स्पष्ट सांगा. परक्या पुरुषाने मांडीला हात लावायचा म्हणून अंग चोरून घेणाऱ्या, आणि म्हणून 'मला व्यायाम नको' म्हणणाऱ्या कितीतरी आज्या मी पाहिल्या आहेत. सासूबाईंच्या नकारात हे असेल का, एकदा हळूच विचारून बघा. आणि खर्च झेपणारच नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. व्यायाम एकदा तिथे शिकून घ्यायचे आणि घरी करायचे, असंही करता येतं.

आता खुर्ची. हे जरा सविस्तर लिहिते, कारण सर्जननी पूर्ण वजनाला हो म्हटलं की फिजिओ यायच्या आधीही तुम्ही एवढं सुरू करू शकता.

हात असलेली, न हलणारी खुर्ची घ्या आणि पाठ भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती सरकते. बैठक सासूबाईंच्या गुडघ्यापेक्षा दोन बोटं उंच हवी. नसेल तर घट्ट उशी किंवा चादरीची घडी घाला. त्यांना अगदी पुढच्या काठाशी येऊन बसायला सांगा. डावा पाय किंचित पुढे, उजव्याची टाच गुडघ्याच्या थोडी मागे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही, तो अंगावर उलटतो. मग छाती थोडी पुढे, हातांनी खाली रेटा, आणि उठा. सर्जननी वाकायचं बंधन अजून ठेवलं असेल तर फार झुकू नका, बैठक आणखी उंच करा. उभं राहिल्यावर एक ते पाच मोजायचे. मग खाली बसताना धपकन नाही. मनात 'एक, दोन, तीन' म्हणत, मागे खुर्ची पायाला लागली की हात मागे नेऊन, सावकाश. या सावकाश बसण्यातच मांडीला खरी मेहनत पडते. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. जमायला लागलं की हातांवरचा भार कमी करत न्यायचा, मग उशी काढायची.

आणि तुम्ही, ताई, त्या वेळी काय करायचं? त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. हात तयार ठेवायचा, लावायचा नाही. मला माहीत आहे, हे सगळ्यात अवघड आहे. 'थांबा आई, मी उठवते' हे शब्द तोंडून आपोआप निघतात. पण तुम्ही काखेत हात घालून उचलता तेव्हा त्यांच्या मांडीचं काम तुमची कंबर करते. त्यांचा पाय आणखी आळसावतो आणि तुमचा मणका झिजतो. तोल जातोय असं दिसलं तर दंड ओढू नका, कमरेला धरा. कमरेला रुंद पट्टा बांधला तर धरायला सोपं जातं, फिजिओ दाखवेल. त्या उठायला दोन मिनिटं घेतील. डब्यांच्या घाईत तुम्हाला ती दोन मिनिटं परवडणार नाहीत, म्हणून ही वेळ डबे गेल्यानंतरची ठेवा, पहाटेची नको. पहाटे अंग आखडलेलं असतं, नाशिकच्या थंडीत तर जास्तच.

दुसरी जागा म्हणजे तुमचा ओटा. स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा चांगला कठडा मला आजवर कुठल्या क्लिनिकमध्ये मिळालेला नाही. उंची बरोबर, हलत नाही, आणि सासूबाईंना त्या जागेची आयुष्यभराची सवय. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, दहा वेळा. मग ओटा धरून खेकड्यासारखं आडवं चालायचं, त्या टोकापासून या टोकापर्यंत. त्याने खुब्याच्या बाजूचा स्नायू कामाला लागतो. ऑपरेशननंतर माणूस डुलत चालतो ते बहुतेक वेळा याच स्नायूच्या अशक्तपणामुळे. मागे खुर्ची ठेवलेली असावी, दमल्या की लगेच बसता यावं. आठ-दहा दिवसांनी ओट्यापुढे जमिनीवर पाट ठेवा, नेहमीचा जेवणाचा. ओटा धरून एक पाय पाटावर टेकवायचा आणि खाली घ्यायचा. तुमच्या मोरीच्या उंबऱ्याची ही तालीम. फिजिओ आल्यावर तो हेच वाढवत नेईल.

एका वाड्यातल्या आजींची आठवण येते. त्यांच्या माजघराचा उंबरा वीतभर उंच होता आणि पडल्यापासून त्यांनी तो ओलांडला नव्हता. पलीकडे देवघर. आम्ही एका पाटापासून सुरुवात केली, मग एकावर एक दोन पाट. सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी पोचले तर आजी पलंगावर नव्हत्या. देवघरात खुर्चीवर बसून फुलवाती करत होत्या. सून दारात उभी राहून रडत होती, आणि आजी तिला म्हणत होत्या, 'अगं, तूप आण.' माझ्या कामात असे दिवस रोज येत नाहीत. खुबा मोडलेली पुष्कळ माणसं पूर्वीइतकी चालती होत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण संडासाला स्वतःच्या स्वतः जाणं, अंघोळीला दार लावून घेता येणं, हे पुष्कळांना परत मिळतं. आणि म्हातारपणी अब्रू म्हणून जे काही असतं ते मला तरी याच दोन गोष्टींत दिसतं.

माझ्या स्वतःच्या आजीच्या वेळी मी शिकत होते. तीही पडली होती. मोठ्या हौसेने आम्ही सगळ्यांनी तिला जपलं, पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला. एका दवाखान्यातून घरी पाठवताना 'हळूहळू चालवा' एवढंच सांगितलं होतं. कसं चालवायचं ते कुणी दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हाड जुळलं. आजी माडीवरून खाली मात्र कधी उतरली नाही. तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय त्याचं एक कारण ते आहे.

'माझं झालं आता' असं सासूबाई म्हणतात, त्यात मला निराशेपेक्षा भीती जास्त ऐकू येते. एकदा पडलेल्या माणसाला फरशी पुन्हा पुन्हा पायाखालून निसटताना दिसते. पडायची भीती म्हणून कमी चालायचं, कमी चाललं की पाय अशक्त, आणि अशक्त पायाने माणूस खरंच पडतो. ही भीती उपदेशाने जात नाही. पडण्याची कारणं एकेक करून घरातून काढली की ती ओसरते, तेव्हा घराचं थोडं बघा. पायमोजे घालून फरशीवर चालणं आजपासून बंद. थंडी वाजत असेल तर मोज्यांवर मागून पट्टा असलेली रबरी तळव्याची चप्पल. मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचे दांडे ठोकून घ्या. टॉवेलचा दांडा चालणार नाही, तो अंगाच्या भाराने निखळतो. कमोड नसेल तर मेडिकल दुकानात कमोडची खुर्ची मिळते. या ऑपरेशननंतर खाली बसायचा संडास आणि जमिनीवरची मांडी सर्जनच्या परवानगीशिवाय नकोच. रात्री पलंगापासून संडासापर्यंत छोटा दिवा जळता ठेवा. वॉकरच्या पायांची रबरं झिजली असतील तर बदला, थोड्याच पैशांत होतं. साडीचं म्हणाल, तर सासूबाई नऊवारी नेसत असतील तर उत्तमच, पाय मोकळे राहतात. पाचवारीच्या निऱ्या मात्र वॉकरबरोबर पायात येतात, त्या वर खोचून घ्याव्यात किंवा काही महिने गाऊन घालावा.

दोन गोष्टी डॉक्टरांकडच्या, व्यायामाने न सुटणाऱ्या. उभ्या उभ्या घसरून खुबा मोडला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असण्याची दाट शक्यता आहे. हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठीचं औषध याबद्दल कुणी काही बोललं नसेल तर तुम्ही बोला. दुसरा खुबा वाचवायचा तर हे लागतंच. आणि पलंगावरून उठल्या उठल्या त्यांना गरगरतं का ते बघा. झोपलेल्या असताना बीपी मोजायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा अधिकने खाली येत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, गोळ्या बदलाव्या लागतील. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा. मनाने काहीच बंद करायचं नाही. जेवणात घट्ट वरण, दूध, दही, चालत असेल तर अंडं, हे दोन्ही वेळच्या ताटात दिसू द्या. चहा-बिस्किटांवर स्नायू बनत नाहीत.

व्यायामानंतर मांडी भरून आली, दुसऱ्या दिवशी जरा ठणकली, तर घाबरू नका, ती कामाची खूण आहे. खुब्यात किंवा जांघेत कळ आली, पायावर भारच देता येईना, पाय आखूड किंवा वळलेला दिसला, टाक्यांतून पाणी आलं, ताप आला, छातीत दुखलं किंवा एकदम धाप लागली, तर व्यायाम थांबवून लगेच दवाखाना.

राहिला कपालेश्वर. हे तुम्ही सहज लिहिलंत, पण सगळ्या पत्रात फिजिओच्या कामाची गोष्ट तीच आहे. येणाऱ्या फिजिओला पहिल्याच दिवशी सांगा, की आमच्या आईंना कपालेश्वराच्या पायऱ्या चढायच्या आहेत. मग त्याचा प्रत्येक व्यायाम कुठेतरी जायला निघालेला असेल. वाट अशी: आधी खुर्चीतून संडासापर्यंत एकटीने, मग बाहेरच्या ओट्याच्या दोन पायऱ्या उतरून दारात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग रिक्षात चढ-उतर, आणि मग घरचा जिना. जिन्याचं आम्ही पेशंटना असं पाठ करून देतो: वर जाताना बरा, खाली येताना दुखरा. म्हणजे चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. पुढे काठी आली की ती उजव्या हातात, ऑपरेशनच्या पायाच्या उलट बाजूला. श्रावणी सोमवारच्या गर्दीचा हट्ट या वर्षी नको, पाऊस लागल्यावर त्या पायऱ्या आणि रामकुंडाचा परिसर निसरडा होतो. ज्येष्ठात, पावसाआधी, एखाद्या सोमवारी दुपारी गर्दी नसताना जा. वर चढणं नाहीच झालं तर पायथ्याशी खुर्ची टाकून बसू द्या, आणि पुढच्या सोमवारी दोन पायऱ्या.

सासूबाईंना ओट्याशी उभं करायचं निमित्त हवं असेल, तर ते तुमच्या डब्यांतच आहे. उद्या दुपारी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवा आणि म्हणा, 'आई, माझी कंबर फार दुखतेय, एवढी निवडून देता का?' खोटं नाहीच ते. मागे खुर्ची ठेवा, आणि त्या किती मिनिटं उभ्या राहिल्या ते घड्याळात बघून कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी तो आकडा मला कळवा.

तुमची,
ताई